साडेसहाची नोंद

साडेसहा वाजले की माझा हात अजूनही पर्समधल्या फोनकडे जातो. आता त्या वेळी फोन वाजत नाही. वाजण्याची सोय मी स्वतःच काढून टाकली आहे, तरी हात जातो. नवरा म्हणतो, तुला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. खरं आहे त्याचं. गॅसवर दूध ठेवलं तर ते तापेपर्यंत मी ओटा पुसून घेते, कुठे रांगेत उभी राहिले तर पुढच्याचा फॉर्म भरून देते. कुणी एखादं काम तिसऱ्यांदा त्याच पद्धतीने हाताने करताना दिसलं की माझे हात शिवशिवतात. या शिवशिवण्यापायी मी एका बाईचं नाव तिला न विचारता वापरलं, त्याची ही हकीकत.

नवऱ्याची विमा कंपनीतली बदली आम्हाला साताऱ्याहून जयपूरला घेऊन आली. घर राजा पार्कात मिळालं आणि मला नोकरी सी-स्कीममधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत. तिसरा मजला, लिफ्ट लहरी, कामाची माणसं वीसेक. आम्ही दवाखान्यांसाठी एक प्रोग्राम बनवत होतो. पेशंट घरी निघाला की त्याच्या हातात सूचनांचा कागद पडतो ना, कुठली गोळी कधी घ्यायची, काय खायचं, टाके कधी काढायचे, तो कागद पेशंटच्या भाषेत छापून देणारा. हिंदी, इंग्रजी, गुजराती आणि मराठी.

ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. दुसऱ्या म्हणजे ताई. पन्नाशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या, विद्याधर नगरात आईबरोबर राहणाऱ्या. वडील बँकेतले, अमरावतीहून बदलीवर आले आणि इथेच राहिले. ताई जन्मल्या वाढल्या इथेच, त्यामुळे त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांनी एक ‘मतलब’ यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “तू मेतकूट खातेस ना? मतलब, साताऱ्याकडे खातात ना?” आणि दुसऱ्या दिवशी बाटली भरून आणलं. आईच्या हातचं, म्हणाल्या. आई अंथरुणाला खिळण्याआधीचं शेवटचं.

ताईंचं काम असं. भाषांतर करणारे लोक बाहेरून एका सामायिक तक्त्यात मजकूर भरत. ताई तो दिवसभर वाचत, चुका दुरुस्त करत आणि संध्याकाळी एकेक तुकडा उचलून त्याच्या फाइली बनवत. मग त्या फाइली कंपनीच्या सामायिक साठ्यात नोंदवत. या नोंदीला आम्ही कमिट म्हणतो. प्रत्येक कमिटला करणाऱ्याचं नाव लागतं, तारीख-वेळ लागते आणि काय बदललं याची एक ओळ. नोंद झाली की मागची यंत्रणा आपोआप जागी होते, फाइल तपासते, बाकीच्या कामाशी जुळते का बघते, सगळं ठीक असलं तर समोर हिरवी खूण उमटवते. आणि एकदा झालेली नोंद कुणी पुसत नाही, पुसायची नसते.

फाइली बनवून नोंदवायला ताईंना रोज दीड-दोन तास लागत. उचल, चिकटव, नाव दे, नोंदव. मी शेजारच्या टेबलावर बसून हे बघत असे आणि आतल्या आत उकळत असे. त्यात त्यांच्या आईला सांभाळणारी बाई सातला म्हणजे सातला निघून जायची. साडेसहा वाजले की ताईंची नजर घड्याळाकडे, हात कीबोर्डवर आणि एक पाय चपलेत. सी-स्कीममधून त्या वेळी ऑटो मिळणं म्हणजे दिव्य. कित्येकदा त्या पोचेपर्यंत बाई निघून गेलेली असायची आणि आई अंधारात एकटी पडलेली असायची. दुसऱ्या दिवशी ताई सांगायच्या, “काल आई रडून राहिली होती,” आणि लगेच तक्ता उघडायच्या.

एका शनिवारी दुपारी मी बसले आणि सगळं यंत्रावर टाकून दिलं. रोज साडेसहाला यंत्राने उठायचं, तक्त्यातला मजकूर घ्यायचा, फाइली बनवायच्या, काल होतं तेच असेल तर गप्प बसायचं, बदल असेल तर नोंद करायची. चाळीसेक ओळींच्या प्रोग्रामचं काम. सोमवारी संध्याकाळी ताईंना म्हटलं, “उद्यापासून तुम्ही फक्त वाचायचं. बाकी मशीन करेल. साडेपाचला निघायचं.”

त्यांचा विश्वास बसेना. “आणि सरांनी विचारलं तर?”

“त्याचं मी बघते,” मी म्हटलं.

ते मी कसं बघितलं होतं हे त्यांना सांगितलं नाही. यंत्रालाही नोंद करताना नाव द्यावं लागतं. दोन ओळी असतात, एक नावाची आणि एक ईमेलची. सगळे तिथे ‘बॉट’ असं काहीतरी लिहितात. पण आमच्या सरांना एक तक्ता भारी प्रिय होता. कोणाच्या नावावर किती नोंदी, रंगीत खांबांसकट. वर्षाच्या शेवटी तो भिंतीवर लावून ते एकेकाला बोलवायचे. ताईंचा खांब एकाएकी जमिनीला टेकला असता तर या बाईंचं काम यंत्र करतं, मग बाई कशाला, हा प्रश्न यायला आठवडाही लागला नसता. म्हणून त्या दोन ओळींत मी ताईंचं नाव आणि ताईंचा ईमेल घातला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. उपकार करावा तर असा, समोरच्याला कळूही नये.

पाच महिने सगळं सुरळीत चाललं. ताई दिवसाउजेडी घरी पोचू लागल्या. चेहरा जरा भरला. नोंद झाली की फक्त माझ्या फोनवर निरोप यावा अशी सोय मी करून ठेवली होती. साडेसहाला, कधी पाच-सात मिनिटं उशिरा, फोन थरथरायचा. ताईंचं नाव, किती फाइली बदलल्या तो आकडा, हिरवी खूण. मी तेव्हा घरी कांदा चिरत असे. मला बरं वाटायचं.

मग मे महिन्यात ताईंची आई गेली. सकाळी अकराच्या सुमाराला, झोपेतच. ताईंना भाऊ-बहीण नाही. शेजारचे भैया वगैरे धावून आले, आमच्यापैकी मी आणि माझा नवरा गेलो. कुणीतरी म्हणालं, बायका स्मशानात येत नाहीत, अग्नी चुलत पुतण्या देईल, तो दिल्लीहून निघालाय. ताई शांतपणे म्हणाल्या, “मी देईन.”

ऊन उतरायची वाट बघून सगळे निघाले. धुळीचं वारं सुटलं होतं, दातांखाली रेती यायची. ताईंनी पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं आणि चितेभोवती फिरू लागल्या. एक फेरी, मडक्याला एक भोक. धार त्यांच्या पाठीवरून वाहत होती, साडी भिजली होती. दुसऱ्या फेरीला माझ्या पर्समधला फोन थरथरला.

तो मी काढून बघितला. सवयीचे हात, दुसरं काय. ताईंचं नाव होतं. तीन फाइली बदलल्या. हिरवी खूण. मान वर केली तर ताई तिसरी फेरी घालत होत्या.

मी फोन बंद करून आत टाकला. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, कारण मी काहीतरी पुटपुटले असणार. घरी येताना मी त्याला सगळं सांगितलं. गाडी चालवता चालवता त्याने एवढंच विचारलं, “तू तिला विचारलं होतंस?”

“तिच्या भल्यासाठीच केलं ना!” मी त्याच्यावर ओरडले.

त्याने समोरचा सिग्नल बघून गाडी थांबवली. त्याच्या त्या प्रश्नाचा मला इतका राग आला की घर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मला ते थांबवता आलं असतं. दोन ओळी बदलायच्या, काम अर्ध्या मिनिटाचं. पण यंत्र बंद केलं तर फाइली अडतील आणि सर विचारतील. नाव बदललं तर तो बदलही माझ्या नावाने नोंदला जाईल, आणि कुणी वाचला तर पाच महिन्यांचं बिंग फुटेल. ताईंची आई गेली आणि त्याच आठवड्यात नोकरीही जाईल. असा हिशेब करत मी तेरा दिवस काढले. रोज साडेसहा जवळ आले की मला घरात थांबवेना. उगाच दूध आणायला जायची, उगाच गच्चीवर कपडे काढायला जायची. फोन घरी ठेवून गेले तरी पावलं मोजत परत यायची आणि बघायची. हिरवी खूण आलेली असायची. तक्ता भरणारे बाहेर बसून भरतच होते, यंत्र उचलतच होतं. मधल्या वाचणाऱ्या बाई नव्हत्या हे ना त्यांना माहीत होतं, ना यंत्राला. आणि मला माहीत होतं, पण दोन ओळींच्या काळजीत मला तेही सुचलं नाही.

चौदाव्या दिवसानंतरच्या सोमवारी ताई ऑफिसात आल्या. पांढऱ्या सुती साडीत, जरा वाकलेल्या. सकाळची सगळ्यांची मीटिंग होती. सरांनी दोन शब्द दुःखाचे बोलून घेतले आणि मग पडद्यावर तो रंगीत खांबांचा तक्ता लावला. ताईंच्या खांबावर बोट ठेवून म्हणाले, “डेडिकेशन देखिए. घर में माताजी शांत हुई हैं, और मैडम ने एक दिन काम नहीं रोका. उसी शाम को भी.” आणि टाळ्या वाजवल्या. सर वाजवतात म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या, पण वाजवता वाजवता लोक ताईंकडे बघत होते. पलीकडच्या रांगेतल्या दोन मुलींनी एकमेकींकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. आई जळत असताना ही बाई लॅपटॉप घेऊन बसली होती.

ताई पडद्याकडे बघत होत्या. तारीख वाचली, वेळ वाचली. टाळ्या थांबल्यावर त्यांनी हात जोडले, कारण दुसरं काय करणार.

मीटिंग संपल्यावर मी जिन्यात त्यांना गाठलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, “ते तू केलंस?”

मी मान हलवली.

“साडेसहाला माझ्या खांद्यावर मडकं होतं. तू मागेच उभी होतीस ना?”

“हो.”

“तुला तेव्हा माहीत होतं?”

खोटं बोलता आलं असतं. “फोन वाजला होता माझा,” मी म्हटलं.

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर मी सुटले असते, पण ओरडणं त्यांच्यात नाही. “मला विचारलं का नाहीस? मतलब, मी नाही म्हटलं असतं म्हणून?”

मी नोकरीचं सांगितलं, तक्त्याचं सांगितलं, रंगीत खांबाचं सांगितलं. सगळं खरं होतं आणि सांगताना सगळं हलकट वाटत होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जागेवर जाऊन बसल्या. तेरा दिवसांचा न वाचलेला मजकूर उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. दुपारी जेवल्या नाहीत.

चारच्या सुमाराला त्यांनी मला बोटाने बोलावलं. एका मराठी कागदावर मधुमेहाच्या गोळीपुढे ‘जेवणानंतर’ लिहिलं होतं. इंग्रजीत होतं जेवणाआधी. भाषांतर करणाऱ्याची साधी चूक, ताईंनी एका नजरेत पकडली असती अशी. फाइल नोंदलेली होती, हिरवी खूण होती, वर ताईंचं नाव होतं. तारीख आई गेली त्याच दिवसाची.

यंत्र फाइलीचा साचा तपासतं, गोळी तपासत नाही. नवीन फाइली दवाखान्यांत महिनाअखेरीला जातात, म्हणजे हा कागद अजून कुणाच्या हातात पडला नव्हता. तो ताईंनी तिथल्या तिथे सुधारला. मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

“आता माझं नाव काढ.”

“ताई, काढलं तर सरांना सगळं कळेल. मशीन करतं हे कळेल. तुमची नोकरी...”

“नोकरीचं मी बघेन,” त्या म्हणाल्या. “त्या दिवसाचं तू बघ.”

मी जागेवर जाऊन दोन ओळी बदलल्या. नावाच्या जागी ‘यंत्र’ लिहिलं. खाली कारण लिहायचं असतं, तिथे सहसा मी तीन शब्दांत उरकते. त्या दिवशी लांबलचक लिहिलं. गेल्या पाच महिन्यांतल्या रोजच्या साडेसहाच्या नोंदी ताईंनी केलेल्या नाहीत, मी बसवलेल्या यंत्राने केल्या आहेत, ताईंचं नाव मी त्यांना न विचारता घातलं होतं, आणि मधल्या तेरा दिवसांचा मजकूर कुणीही वाचलेला नव्हता. मग सगळ्यांना वाचायला पाठवलं आणि ताईंना घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर आधी माझ्यावर तापले. ते रास्तच होतं. मला वाटलं आता ताईंची पाळी. पण त्यांना खांबांच्या तक्त्याची जास्त काळजी होती. एका मोठ्या दवाखान्याच्या लोकांना त्यांनी तो आधीच दाखवला होता. म्हणाले, “पुराना रहने दीजिए. बाहर किसको पता चलेगा? अच्छा ही तो दिख रहा है.” यापुढे यंत्राचं नाव, मागचं आहे तसं, आणि ताईंचं कामही आहे तसं चालू. त्यांच्या मते ते उदार होत होते. मलाही, लाज वाटते सांगायला, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. ताईंची नोकरी वाचत होती. मी त्यांच्याकडे बघून हलकेच मान डोलावली, हो म्हणा.

“नाही सर,” ताई हिंदीत म्हणाल्या. “मैं वहाँ नहीं थी. ये लिखा जाना चाहिए.”

सरांनी समजावून पाहिलं. मग चिडले. मग कोरडेपणाने म्हणाले की असं असेल तर नुसतं वाचण्यापुरतं काम अर्ध्या दिवसाचं आहे. पुढच्या महिन्यापासून दहा ते दोन. ताई म्हणाल्या, ठीक आहे. इतक्या सहज म्हणाल्या की मला वाटलं त्यांना कळलं नसावं. त्यांना सगळं कळलं होतं. बारा वर्षं त्या खुर्चीवर बसलेली बाई अर्धी झाली, आणि ते माझ्या चाळीस ओळींनी झालं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, जुन्या नोंदी मी बदलून बघते, तसं करता येतं. मग सांगावं लागलं की नाही, करायचं नसतं. जुनी नोंद बदलली की तिच्यानंतरच्या सगळ्याच्या सगळ्या बदलतात आणि वीस जणांचं काम कोलमडतं. हे बोलताना मला माझ्या धंद्याचाच राग आला. सगळं करता येतं आणि जे हवं तेवढंच नेमकं येत नाही.

“मग काय करता येतं?” ताईंनी विचारलं.

एक गोष्ट येते. एकही फाइल न बदलता नुसती नोंद करता येते. रिकामी. आम्ही ती अडकलेल्या यंत्राला हलवून जागं करण्यासाठी वापरतो. आत काही नसतं, फक्त नाव, वेळ आणि ती एक ओळ. पण ती इतरांसारखीच कायमची राहते, आणि मागची पानं चाळणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

“ती मी करते,” ताई म्हणाल्या. “स्वतः.”

मी त्यांच्या मागे उभी राहिले. आज्ञा कशी द्यायची ते सांगितलं. ओळीच्या जागी त्या थांबल्या. ताईंचं शिक्षण सगळं हिंदीत आणि इंग्रजीत, एखाद्या शब्दाची दुरुस्ती सोडली तर मराठी लिहायची वेळ त्यांच्यावर क्वचित यायची, म्हणून मी नकळत हात पुढे केला, सांगा, मी टाइप करते. त्यांनी माझा हात बाजूला सारला. जोरात नाही, टेबलावरचा कप सरकवावा तसा. आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं:

“त्या तेरा दिवसांत मी ऑफिसचं काही केलं नाही. मी आईचं करत होते.”

एकदा वाचलं आणि बटण दाबलं. यंत्रणा जागी झाली, तपासायला काही नव्हतं, तरी तिने तपासलं.

ताईंनी घड्याळ बघितलं. पावणेसहा झाले होते. झटकन पर्स उचलली, चपलेत पाय घातला आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरू लागल्या, सातच्या आत पोचायचं असल्यासारख्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत त्यांची पावलं भराभर ऐकू आली. मग थांबली. बराच वेळ थांबली. मी कठड्यावरून वाकून हाक मारणार होते, पण त्याआधीच ती पुन्हा सुरू झाली, एकेक पायरी, सावकाश.